रिकामा डोंगा गळत नाही

डोंग्यात बसलात की आधी पायाजवळ बघा. तिथे एक डबा पडलेला असतो. कधी तेलाचा कापलेला पिपा, कधी रंगाची प्लास्टिकची बादली, कधी नुसता फुटका तांब्या. तो डबा कशासाठी असतो हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पाणी उपसायला. आपण तो इतक्या वेळा पाहिलाय की त्यात काही वावगं आहे असं वाटतच नाही.

मागच्या आठवड्यात वैनगंगेच्या एका घाटावर गेलो होतो. बातमी वेगळीच होती, रेतीची. पण घाटावर एक ढिवर काकाजी डोंगा उलटा टाकून बसले होते आणि एका कडीच्या बुडाशी काहीतरी खरवडत होते. सत्तरीच्या पुढचे असतील. मी सहज विचारलं, काय चाललंय? त्यांनी मलाच कोडं घातलं.

"डोंगा खाली असला का गरत नाही. मानसं बसले का गरते. आता सांगा भाऊ, भोक कोठी हाये?"

मला उत्तर आलं नाही. तुम्हाला येतंय का बघा. उत्तर मी पुढे देतो. त्याआधी थोडा इतिहास सांगतो, कारण या कोड्याचं मूळ दीडशे वर्षं मागे जातं.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ मिळतात, तिथून प्राणहिता सुरू होते. ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. पूर्वेकडून इंद्रावती येते. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती एकत्र येतात. म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्या मधली सीमा नदी, तेलंगणाची सीमा नदी, छत्तीसगडच्या सीमेचा मोठा भाग नदी. आपण स्वतःला जंगलाचे जिल्हे म्हणवतो, पण आपण तेवढेच नदीचे जिल्हे आहोत. माझं आजोळ नदीपलीकडचं. लहानपणी बाबा सायकलसकट डोंग्यात चढायचे, एका हाताने सायकल आणि दुसऱ्या हाताने मला धरून. पूल ही आपल्याकडे अलीकडची गोष्ट आहे. कित्येक पिढ्यांनी लग्नं, बाजार, दवाखाना, मार्कंड्याची जत्रा हे सगळं डोंग्यातूनच केलंय.

जुना डोंगा एका झाडाचा असायचा. एकच खोड, आतून कोरलेलं. सावरीचं लाकूड हलकं, कोरायला सोपं, पण लवकर कुजणारं. सागाचा डोंगा जड आणि मेहनतीचा, पण एकदा झाला की माणसाचं आयुष्य निघेल. या डोंग्याची एक मोठी गंमत म्हणजे त्याला सांधा नसतो. फळीला फळी जोडलेली नाही, खिळा नाही, पट्टी नाही. पाणी आत यायचं तर लाकूड तडकायला हवं. आणि लाकूड तडकू नये म्हणून जुने लोक साधी युक्ती करायचे. उन्हाळ्यात डोंगा काठावर उन्हात ठेवायचाच नाही. दगड भरून तो डोहात बुडवून ठेवायचा. चंद्रपूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, पारा ४६-४७ वर जातो. त्या उन्हात ओलं लाकूड बाहेर काढलं तर वरचा थर आधी सुकून आक्रसतो, आतला ओलाच राहतो, आणि मग उभी चीर पडते. पाण्याखाली ती भीती नाही.

मग हा बिनसांध्याचा डोंगा गेला कुठे? आजच्या घाटांवर बघाल तर फळ्यांचे डोंगे, पत्र्याचे डोंगे, फायबरच्या नावा. एका खोडाचा डोंगा शोधावा लागतो. हे आपोआप झालं नाही.

१८६० च्या सुमाराची गोष्ट. निजामाशी झालेल्या तहाने गोदावरीच्या डाव्या काठचा मुलूख इंग्रजांकडे आला आणि अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा तयार झाला. मुख्यालय सिरोंचा. आज आपण ज्याला शेवटचं टोक म्हणतो, तिथे तेव्हा जिल्ह्याची कचेरी होती. ग्लासफर्ड नावाचा इंग्रज अधिकारी तिथला डेप्युटी कमिशनर होता. सिरोंचा तालुक्यातल्या ग्लासफर्डपेठा या गावाच्या नावात तो अजून जिवंत आहे.

इंग्रजांना सिरोंचात एवढा रस का? कापूस. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस आटला. हिंगणघाटचा कापूस नावाजलेला होता, पण तो समुद्रापर्यंत न्यायचा कसा? आर्थर कॉटन या अभियंत्याने गोदावरीच्या मुखाजवळ दवलेश्वरमला १८५२ ला बंधारा पूर्ण केला होता. त्याचं स्वप्न असं की समुद्रापासून गोदावरी, प्राणहिता, वर्धा अशी सलग जलवाहतूक करायची, म्हणजे आगबोट थेट आपल्या भागात येईल. काम सुरू झालं. कर्नल हेग त्याचा प्रमुख होता. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांचा पाठिंबा होता. पण नदीत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला भद्राचलमच्या वर दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला, तिसरा आपल्या अहेरी तालुक्यातल्या देवलमरीला. पावसाळ्यात पाणी अनावर, उन्हाळ्यात खडक उघडे. इकडे खडक फोडणं चाललं असताना तिकडे १८६७ ला रेल्वे नागपूरला पोहोचली. कापसाला रस्ता मिळाला. १८७१ ला सरकारने नदीची योजना सोडून दिली, आणि काही वर्षांत तो जिल्हाही मोडून सिरोंचा चांदा जिल्ह्यात टाकला.

म्हणजे आगबोट आलीच नाही. नदी पुन्हा डोंग्याच्या हाती राहिली. पण सरकारला आता या भागात काय आहे ते कळलं होतं. साग.

१८७८ हे साल लक्षात ठेवा. त्या एका वर्षी दोन कायदे झाले आणि दोन्ही आपल्या डोंग्यावर येऊन आदळले. एक भारतीय वन कायदा. जंगल राखीव झालं, सागाचं झाड सरकारी झालं. दुसरा नॉर्दर्न इंडिया फेरीज ॲक्ट. मध्य प्रांताला तोही लागू होता. त्याने सार्वजनिक घाट सरकारच्या अखत्यारीत आले आणि उतारूंच्या टोलाचा लिलाव करता येऊ लागला. घाटाचा लिलाव हा शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे. एका वर्षात झाड एका वहीत गेलं आणि घाट दुसऱ्या वहीत. मधला डोंगेवाला मात्र कुठल्याच वहीत नव्हता. त्याने लाकूड मागायचं वनखात्याकडे आणि घाट मागायचा लिलावात.

अहेरीसारख्या जमीनदारीच्या भागात जंगल जमीनदाराच्या ताब्यात होतं, तिथला हिशेब थोडा वेगळा. पण १९५१ ला मध्यप्रदेशात जमीनदाऱ्या संपल्या (आपण तेव्हा मध्यप्रदेशात होतो, १९५६ ला मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात) आणि तेही जंगल सरकारकडे गेलं. डोंग्याला लागतं ते दोन माणसांच्या कवेत न मावणारं सरळ खोड. असं झाड तोडायची परवानगी ढिवराला कोण देणार? आणि डेपोत लिलावात तेच खोड घ्यायचं म्हटलं तर त्याची ऐपत कुठली?

इथे मी माझा तर्क सांगतो, पटला तर घ्या. मोठं खोड हाताबाहेर गेलं म्हणून डोंगा फळ्यांचा झाला. फळीही महागली म्हणून तो पत्र्याचा झाला. आणि दर बदलात सांधे वाढत गेले. एका खोडाच्या डोंग्याला सांधा शून्य. फळ्यांच्या डोंग्याला पाच-सहा लांब सांधे आणि शेकडो खिळे. सांधा आला की गळती आली. आपल्याला वाटतं डोंगा गळतो तो डोंगेवाल्याच्या आळसाने. मला वाटतं त्या गळतीची सुरुवात १८७८ च्या कागदावर आहे.

आपल्या सागाचं मोठेपण कोणाला सांगायला नको. मुंबईच्या वाडिया घराण्याने सागाची जहाजं बांधली. त्यातलं १८१७ चं ट्रिंकोमाली हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगतंय, दोनशे वर्षांनंतर. तो साग मलबारचा होता. आपल्या बल्लारपूरचा साग २०२३ ला अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेला, आपण सगळ्यांनी मिरवणूक काढली, मीही बातमी केली. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण त्याच जिल्ह्यातला डोंगेवाला पत्र्याला डांबर फासतोय, हेही त्याच वहीत लिहायला पाहिजे.

आता फट बुजवण्याच्या कलेकडे येऊ. ही कला माणसाइतकीच जुनी आहे म्हटलं तरी चालेल. कुवेतमध्ये उत्खननात सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे डांबराचे तुकडे सापडले. त्यांच्या एका बाजूला बोरूच्या जुड्यांचे ठसे आणि दुसऱ्या बाजूला समुद्रात चिकटणारे शिंपले. म्हणजे बोरूच्या नावेला बाहेरून डांबर लावून माणूस तेव्हा समुद्रात जात होता. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फळ्या काथ्याच्या दोरीने शिवायच्या आणि शिवणीत नारळाचा काथ्या, राळ आणि तेल भरायचं ही रीत होती. नौदलाने मे २०२५ मध्ये कारवारला आयएनएसव्ही कौंडिण्य हे शिवलेलं जहाज दाखल करून घेतलं, ते याच रीतीचं. त्याचा नमुना कुठला? आपल्या अजिंठ्याच्या भिंतीवरचं पाचव्या शतकातलं चित्र. त्यात खिळा नाही, सगळं शिवलेलं आणि राळेने बंद केलेलं.

आपल्याकडे काथ्या नाही, कारण नारळ नाही. पण राळ आहे. राळ म्हणजे सरईच्या झाडाचा चीक. आपल्याकडे सागाचं राज्य, सरई जास्त बस्तरच्या बाजूला. पण राळ बाजारात मिळते, धुपाला आपण तीच जाळतो. आणि जवस आपल्या शेतात. काकाजींनी सांगितलेली रीत अशी. राळ कुटायची, जवसाच्या तेलात मंद आचेवर विरघळवायची, सुती चिंधीचा पीळ करून त्यात बुडवायचा आणि तो पीळ बोथट छिन्नीने सांध्यात ठोकायचा. मी विचारलं, जवसाचंच का? ते म्हणाले, "शेंगदान्याचं तेल तेलच राह्यते. जवसाचं वारते." खरं आहे. जवसाचं तेल हवेतल्या प्राणवायूशी मिसळून चिवट होतं, म्हणून तर चित्रकार आणि सुतार ते वापरतात. शाळेत न गेलेल्या माणसाला हे रसायन पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं.

आता कोण राळ कुटतो? रस्त्याच्या कामावरून डांबर येतं, ते तापवून ओततात. डांबर स्वस्त आणि पटकन होणारं. पण आपल्या हवेत त्याचा दोष आहे. मे महिन्यात ते पातळ होऊन ओघळतं आणि डिसेंबरच्या पहाटे कडक होऊन तडकतं. म्हणून दर वर्षी नवा थर, जुन्या थरावर. दहा वर्षांत डोंगा डांबरानेच जड होतो आणि खालचं लाकूड कुजलंय की नाही हे कोणाला दिसत नाही.

काकाजींच्या तीन सूचना मी वहीत लिहून घेतल्या. डोंगेवाल्यांना माहीत असतील, पण आता नवीन पोरं फायबरच्या नावा चालवतात, त्यांच्यासाठी लिहितो.

एक. कोरडा डोंगा पाहून फटी गच्च ठोकू नका. उन्हाळ्यात लाकूड आक्रसलेलं असतं, फट मोठी दिसते. तेव्हा ठासून भरली तर पावसाळ्यात लाकूड फुगतं, फटीतला पीळ जागा देत नाही आणि फळी खिळ्यासकट उचलली जाते. आधी डोंगा दोन-तीन दिवस पाण्यात ठेवून गळू द्यावा. लाकूड फुगून अर्ध्या फटी आपोआप मिटतात. उरलेल्या गळतात, त्यांना खूण करावी, डोंगा बाहेर काढून सावलीत सुकवावा आणि मग तेवढ्याच बुजवाव्या.

दोन. डांबर किंवा कुठलाही लुकण ओल्या, शेवाळलेल्या, धुळीच्या फटीवर बसत नाही. आधी खरवडणं. "अर्धं काम खरवडन्याचं हाये, भाऊ. लोकं लावन्याची घाई करते."

तीन. आणि इथे कोड्याचं उत्तर आहे. फट दिसते, म्हणून लोक फट बुजवतात. पण डोंग्याला जे जे वरून जोडलेलं असतं ते कोणी बघत नाही. दोरी बांधायची कडी, वल्हं अडकवायचा खुंटा, बसायच्या आडव्या फळीचे बोल्ट, इंजिन असेल तर त्याचं कोंडाळं. या प्रत्येकासाठी अंगात भोक पाडलेलं असतं. डोंगा रिकामा असतो तेव्हा ही भोकं पाण्याच्या वर असतात, म्हणून गळत नाहीत. माणसं बसली की डोंगा खाली दबतो, काठ आणि पाणी यांच्यातलं अंतर कमी होतं, आणि सकाळपर्यंत कोरडं असलेलं भोक पाण्याखाली जातं.

भोक कोठी हाये? कडीच्या बुडाशी. म्हणून काकाजी तिथे खरवडत होते.

हे किती गंभीर आहे याचा हिशेब मी घरी येऊन एका विज्ञान शिकवणाऱ्या मित्राकडून करून घेतला. एक सेंटिमीटर रुंदीचं गोल भोक, म्हणजे करंगळी जाईल एवढं, पाण्याखाली वीतभर गेलं तर मिनिटाला साडेपाच लिटरच्या आसपास पाणी आत येतं. पंधरा मिनिटांत ऐंशी लिटर. ऐंशी लिटर म्हणजे ऐंशी किलो. म्हणजे नदी ओलांडेपर्यंत डोंग्यात एक माणूस जास्तीचा चढलेला असतो आणि त्याचं तिकीट कोणी घेतलेलं नसतं. त्याने डोंगा आणखी दबतो, भोक आणखी खाली जातं, पाणी आणखी जोराने येतं. शिवाय माणूस एका जागी बसतो, पाणी बसत नाही. डोंगा जिकडे कलतो तिकडे ते सगळं धावतं आणि कललेल्या डोंग्याला आणखी कलवतं. म्हणून डबा.

कडीची गळती थांबवायचं तंत्र अवघड नाही. कडी पूर्ण काढायची, वरूनच लुकण फासून चालत नाही. भोकाच्या आत लाकूड काळं पडलं असेल तर ते कोरून काढायचं, कारण लोखंड गंजतं तसं भोवतालचं लाकूडही मरतं आणि खिळा सैल होतो. त्या जागी सुक्या लाकडाची खुंटी राळेत किंवा आजच्या भाषेत इपॉक्सीत बुडवून ठोकायची आणि सुकल्यावर खुंटीच्या मधोमध नवं भोक पाडायचं. म्हणजे बोल्ट मूळ लाकडाला शिवतच नाही. भोकाचं तोंड थोडं रुंद करायचं, म्हणजे लुकणाची अंगठी तयार होते. आतून मोठा वायसर, त्याखाली जुन्या ट्यूबचा रबर. आणि एक गोष्ट सगळे चुकतात, बोल्ट पहिल्याच दिवशी पूर्ण आवळायचा नाही. आवळला की सगळं लुकण बाहेर येतं आणि आत नुसतं लोखंड उरतं. आधी हलका आवळायचा, लुकण घट्ट झालं की दुसऱ्या दिवशी शेवटचे आटे द्यायचे. फायबरच्या नावेलाही हेच लागू आहे. फक्त बाथरूमला लावायचं सिलिकॉन तिथे लावू नका. ते पाण्याखाली फार काळ धरत नाही आणि त्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही.

एका कडीला खर्च किती? चहा-नाश्त्याएवढा. वेळ दोन दिवस. पण ते दोन दिवस डोंगा बंद राहतो, आणि बंद डोंग्याचे पैसे डोंगेवाल्याला कोणी देत नाही. सगळी अडचण इथे आहे. ज्ञानाची नाही, मजुरी बुडण्याची आहे. म्हणून कडी तशीच राहते आणि डबा डोंग्यात राहतो.

आता मूळ मुद्दा. २३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया मिरची तोडायला वैनगंगेपलीकडे चालल्या होत्या. नाव उलटली. सहा जणी गेल्या. आपल्यापैकी अनेकांना ती सकाळ आठवत असेल. ती दुर्घटना मी गळतीच्या खात्यात टाकत नाही, आणि कोणा एकावर बोटही ठेवत नाही. सांगायचं एवढंच की त्या बाया हौसेने नावेत बसल्या नव्हत्या. मजुरी नदीच्या त्या बाजूला होती आणि घर या बाजूला. अशा किती जणी आजही रोज नदी ओलांडतात, याची नोंद आपण ठेवतो का?

कायदा नाही असं नाही. १९१७ चा जुना अंतर्देशीय जलयानांचा कायदा जाऊन २०२१ चा नवा आला. त्यात इंजिन नसलेल्या नावांचाही विचार आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत त्यांची नोंद आणि किमान सुरक्षितता बघण्याची सोय ठेवलीय. म्हणजे ग्रामपंचायतीला हे करता येतं. आणि वनहक्क कायदा २००६ चा. मेंढा-लेखाने २००९ ला सामूहिक वनहक्क मिळवून देशाला रस्ता दाखवला, ते गाव आपल्याच धानोरा तालुक्यातलं. त्या कायद्याने गौण वनोपज गावाचं झालं. डिंक, मेण, लाख, राळ गावाची. लाकूड मात्र गौण वनोपजात येत नाही. गंमत बघा, फट बुजवायचं सामान गावाचं आणि फट ज्याला पडते ते लाकूड अजून सरकारचं.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पूल पाहिजे हे तर आहेच, त्यासाठी लिहीत आलोय, लिहीत राहीन. पण पूल व्हायला वर्षं लागतात आणि मृग दर वर्षी येतो.

पहिली मागणी, ज्या ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत घाट आहे तिने आपल्या डोंग्यांची वही ठेवावी. किती डोंगे, कशाचे, किती माणसांचे. एवढंच.

दुसरी, पावसाळ्याआधी घाटावर दुरुस्तीचे दोन दिवस ठरवावे. त्या दोन दिवसांची मजुरी आणि राळ-डांबर-रबराचा खर्च पंचायतीने द्यावा. एका हायमास्ट दिव्याच्या पैशात तालुक्यातले सगळे डोंगे दुरुस्त होतील असं मला वाटतं, चुकत असेन तर सरपंचांनी हिशेब मांडून सांगावं.

तिसरी, प्रत्येक डोंग्यावर एक पांढरी रेघ. इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिम्सॉल नावाचा खासदार जादा माल भरून बुडणाऱ्या जहाजांसाठी भांडला आणि १८७६ ला जहाजावर भाराची रेघ काढणं कायद्यात आलं. आजही प्रत्येक मोठ्या जहाजाच्या अंगावर ती असते. आपल्या डोंग्याला ती का नको? रेघ कुठे काढायची यासाठी अभियंता नको. सगळ्यात खालच्या कडीचं जे भोक असेल त्याच्या चार बोटं खाली. पाणी रेघेला लागलं की पुढचा माणूस दुसऱ्या खेपेला. मग डोंगेवाल्याला कोणाशी वाद घालावा लागणार नाही, रेघ बोलेल. सोबत लाइफ जॅकेट हवेतच, पण जॅकेट पाण्यात पडल्यावर उपयोगी, रेघ पडण्याआधी.

मी निघताना काकाजींना विचारलं, रेघ मारली तर चालेल का? ते हसले. म्हणाले, "मारा ना जी. पन बाजाराच्या दिसी ती रेघ पाह्यनार कोन?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, ते आपल्या सगळ्यांकडे मिळून आहे. बाजाराच्या दिवशी शेवटचे चढणारे आपणच असतो. "घ्या ना काका, एकच तं हाये" असं म्हणणारे आपणच असतो.

ज्यांच्या गावाला घाट आहे त्यांनी खाली घाटाचं नाव लिहा, डोंगे किती आणि कशाचे तेही लिहा. फोटो असेल तर टाका, डबा दिसेल असा. पंधरा दिवसांत यादी करतो आणि दोन्ही जिल्हा परिषदांना निवेदन देतो. निवेदन द्यायला कोण कोण येणार तेही सांगा.